उरलेली बारा काडतुसं

सेज क्रीक, मोंटाना
२ फेब्रुवारी १९८७

दाजी,

बंदूक आली. पोस्टमनने ते लांबडं खोकं पडवीत ठेवलं आणि म्हणाला, "व्हर्लिन, सरकारने तुला परत बोलावलंय वाटतं." मला त्याचं अर्धंच ऐकू आलं. मारितने कानाशी ओरडून पुन्हा सांगितलं, तेव्हा हसलो. तोवर तो निघून गेला होता.

तीच आहे रे. १९४३ची गॅरँड. आपण कोरियात दोन हिवाळे जिच्याशेजारी झोपलो तिचीच बहीण. गंज धरू नये म्हणून वर बोटभर चरबी थापलेली. दोन दिवस स्वयंपाकघरात भट्टीजवळ तापवून पुसतोय, अख्ख्या घराला जुन्या कोठारासारखा वास येतोय. सरकारी नेमबाजी खात्याकडून जन्मात एकदाच, एका माणसाला एकच मिळते म्हणतात. माझी एक मी पोरीसाठी घेतली. मारितला यंदा राज्याच्या संघात जागा मिळवायची आहे. जूनमध्ये निवड, आणि निवडली गेली तर ऑगस्टात तुमच्या तळ्याकाठी राष्ट्रीय स्पर्धा. माझी पोर तुझ्या दारात येऊन गोळ्या झाडणार, बघ.

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. हिला खायला काय घालू? इथला दुकानदार एल्कच्या शिकारीची काडतुसं पुढे करतो. म्हणतो, माप एकच, तीस-शून्य-सहा म्हणजे तीस-शून्य-सहा, नळीत बसलं की झालं. आमच्या नेमबाजी क्लबात दोन हिरवे डबे जुन्या लष्करी काडतुसांचे पडलेत, तेही फुकट देतायत. मला वाटतं तू नको म्हणशील. सैन्यात असताना आख्ख्या कंपनीच्या बंदुका तूच दुरुस्त करायचास, आणि आम्हा सगळ्यांना गाढव म्हणायचास.

फोन करू नकोस. फोनवर मला नुसती माशी गुणगुणल्यासारखं ऐकू येतं. लिही.

तुझा,
व्हर्लिन

ता. क. बहिणीच्या, इंगाच्या थडग्यावर नाताळात माझ्या वतीने फांदी ठेवलीस ना? लिहिलं नाहीस.


पोर्ट हॅरो, ओहायो
१४ फेब्रुवारी १९८७

व्हर्लिन,

फांदी ठेवली. स्प्रूसची, तिला पाइन आवडत नसे. एकट्यानेच गेलो होतो म्हणून लिहिलं नाही.

आता नीट वाच, आणि मारितलाही वाचून दाखव. "नळीत बसलं की झालं" म्हणणाऱ्याच्या दुकानातून खिळेसुद्धा घेऊ नकोस. नळीत बसतंच. पण ही हाताने बोल्ट ओढायची साधी बंदूक नव्हे. हिच्या नळीला तोंडापाशी बारीक भोक आहे. त्यातून गोळीमागचा वायू खाली येतो आणि लांब दांड्याला मागे ढकलतो. दांडा नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट उघडतो, रिकामं टरफल फेकतो आणि पुढचं काडतूस आत घेतो. शिकारीच्या काडतुसांत जड गोळी आणि सावकाश जळणारी दारू असते. तिचा दाब भोकापाशी पोचतो तेव्हा अजून भरपूर शिल्लक असतो. दांडा आज जरासा वाकेल, उद्या आणखी जरासा, आणि एक दिवस तुला वाटेल बंदूक म्हातारी झाली. हिला दीडशे ग्रेन वजनाच्या आसपासची गोळी आणि मध्यम वेगाची दारू, जशी तेव्हा मिळायची तशी.

हिरव्या डब्यांतली काडतुसं वाईट नाहीत, पण त्यांच्या बुडाला ठिणगी पाडणारी टोपी असते, तिच्यात क्षार आहे. झाडल्यावर तो नळीत बसतो, आणि तुझ्या दुकानातल्या तेलाने निघत नाही. कढत पाण्याने त्याच दिवशी नळी धुवायची, मग पुसून तेल. एक दिवस आळस केलास तर आतून गंजलीच समज.

आणि टोपी. ही गोष्ट सगळ्यात मोठी. टोपीवर आपटून बार उडवणारी पिन या बंदुकीत मोकळी असते, स्प्रिंगने मागे धरलेली नसते. बोल्ट बंद होताना प्रत्येक वेळी ती टोपीवर टक्क करते. लष्करी टोपी जाड पत्र्याची असते, तिला टक्क करून काही होत नाही. मऊ टोपीचं काडतूस हिच्यात घालायचं नाही. त्यातून तुम्ही स्पर्धावाले सावकाश नेम धरायच्या फेरीत एकेक काडतूस हाताने आत ठेवता आणि बोल्ट सोडता. आठांच्या क्लिपमधून येणाऱ्या काडतुसाला ओढ बसते, बोल्ट जरा मंदावतो. हाताने ठेवलेल्यावर तो पूर्ण वेगाने आदळतो. तेव्हा कडक टोपी, पूर्ण खाली बसवलेली, बुडाच्या पातळीच्या किंचित आत. हे मी तुला लिहून देतो. कागद जपून ठेव.

पण एवढी उस्तवार तू कशाला करतोस? मी भरून देतो. तळघरातलं काडतुसं भरायचं बाक मोकळंच आहे. इंगा असताना मी भरायचो आणि ती प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून अंगठा फिरवून बघायची. टोपी वर आलेली असली तर म्हणायची, "ऑरिन, ह्याला बाजूला ठेव, ह्याला घाई झालीय." मग रंगीत चिठ्ठ्या चिकटवायची. आता चिठ्ठ्या नाहीत, पण हात तोच आहे. काडतुसं टपालाने पाठवता येत नाहीत, मालवाहू ट्रकने पाठवीन.

मारितला सांग, इंगाची शिवणकामाची खोली तिच्यासाठी झाडून ठेवतोय.

ऑरिन


सेज क्रीक
३ मे १९८७

दाजी,

मार्चात पाठवलेली शंभर संपली. तीन आठवडे झाले, पोरगी दुसरं काही बोलत नाही. शाळेत दिवसभर चौथीची पोरं सांभाळते, संध्याकाळी चांदमारीवर. सहाशे यार्डांवरून काळ्या वर्तुळात दहापैकी नऊ. ओलाफ रेन्सगार्ड, आमच्या क्लबाचा सेक्रेटरी, उभ्या जन्मात कुणाला बरं म्हणाला नाही. तो मला येऊन म्हणाला, "हिला शिकवलं कुणी?" मी म्हटलं मी. मग म्हटलं काडतुसं तिच्या काकाची आहेत. तेव्हा म्हणाला, "मग काकाचं कौतुक."

निवड २० जूनला. मला साठ काडतुसं हवीत, जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. तुझी बोटं दुखत असतील तर खरंच लिही, आम्ही कुठून तरी आणू. पण मारित म्हणते, दुसरी नकोत, काकाचीच.

बटाट्याचे लेफ्से पाठवतोय. मीच लाटले, म्हणून नकाशासारखे आहेत.

व्हर्लिन


पोर्ट हॅरो
२८ मे १९८७

व्हर्लिन,

साठ आज ट्रकवर चढवली. एकाच डब्यात मोकळी आहेत, खोक्या करायला वेळ नव्हता. इथल्या दुकानात यंदा मालाचा तुटवडा आहे, पण जमवलं. बोटांचं विचारू नकोस.

लेफ्से खाल्ले. नॉर्वेचा किनारा ओळखू आला.

पोरीला म्हणावं, श्वास अर्धा सोडायचा आणि थांबायचं. काकाच्या भरीवर विश्वास ठेव.

ऑरिन


ग्रेट फॉल्स
२३ जून १९८७

ऑरिन,

इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितोय. शनिवारी निवडीच्या वेळी मारितच्या हातात बंदूक फुटली.

सावकाश फेरी होती. ती पालथी पडून झाडत होती आणि मी मागे दुर्बीण घेऊन. तिने काडतूस ठेवलं, बोल्ट सोडला आणि बोल्ट पुरता बंद व्हायच्या आधीच बार झाला. चापाला बोट लागलंच नव्हतं. दस्ता मधोमध चिरला, टरफलाचे तुकडे मागे उडाले. उजवा डोळा गेला. डॉक्टर आज सकाळी स्पष्ट बोलले. डावा शाबूत आहे. गालात आणि अंगठ्यात तुकडे होते, ते काढले.

पावसाची भुरभुर होती आणि डोळे जपायच्या चष्म्यावर वाफ धरत होती, म्हणून तिने दोन मिनिटांपूर्वी चष्मा काढून गवतात ठेवला होता. ती शुद्धीवर आल्यापासून तेवढंच बोलते. बाबा, मीच चष्मा काढला. मी म्हणतो, मी बघत होतो, मी का नाही बोललो? आम्ही दोघं दिवसभर हेच करत बसलोय.

तुला दोष देत नाही. पण तू हे काम जाणतोस, मी नाही. हे कशाने झालं असेल ते मला सांग.

व्हर्लिन


पोर्ट हॅरो
१ जुलै १९८७

प्रिय व्हर्लिन,

पत्र तीनदा वाचलं. पोरीला माझा आशीर्वाद सांग. तिची खोली अजून तशीच ठेवलीय.

तू कारण विचारलंस. बंदूक चव्वेचाळीस वर्षांची आहे हे लक्षात घे. बोल्ट ज्यात सरकतो त्या रिसीव्हरच्या आत एक पूल असतो, बोल्ट बंद होईपर्यंत तोच पिनेला मागे अडवून धरतो. तो झिजला की पिन अवेळी पुढे जाते. पिनेची शेपटी झिजली तरी तेच. पिनेच्या वाटेत जुनी चरबी घट्ट झाली असेल तरी ती पुढे अडकून राहते. तू चरबी काढलीस म्हणतोस, पण बोल्ट पूर्ण उघडून पुसला होतास का? माझा अंदाज आहे की नसशील. मी तुला बोल लावत नाही. कुणाच्याही हातून होतं.

माझ्या काडतुसांत दोष असणं शक्य नाही. तीस वर्षं भरतोय. कुणी जाणकार असेल त्याला बंदूक दाखव.

तुझा,
ऑरिन


सेज क्रीक
१९ जुलै १९८७

ऑरिन,

मारित घरी आली. भिंतीला धरून चालते, कारण कॉफीचा कप कुठे आहे ते डोळ्याला कळतं पण हाताला कळत नाही. कप पडला की मी ऐकू न आल्याचं सोंग करतो. माझ्या बहिरेपणाचा तेवढा एक उपयोग.

तू लिहिलेलं सगळं केलं. बंदूक हेलेनाच्या एका जुन्या कारागिराकडे नेली. त्याने पूल, पिन, शेपटी सगळं मोजून बघितलं. क्लबातल्या लोकांना मी सांगितलं की बंदूक जुनी होती आणि बोल्ट मी नीट साफ केला नव्हता. ओलाफने काडतुसांचं विचारलं. मी म्हटलं काडतुसं ठीक होती.

आता एकच विचारतो. साठपैकी बारा उरली आहेत, कॉफीच्या डब्यात ठेवलीत. त्या सगळ्या साठांच्या टोप्या एकाच प्रकारच्या होत्या ना?

उत्तर दे. जे असेल ते. आपण दोघं एकाच चादरीखाली थंडीत कुडकुडलोय, माझी बहीण मी तुझ्या हाती दिली. मी तुझ्यावर ओरडणार नाही.

व्हर्लिन


पोर्ट हॅरो
४ ऑगस्ट १९८७

प्रिय व्हर्लिन,

होय. सगळ्या एकाच प्रकारच्या, कडक, लष्करी. मी तुला फेब्रुवारीत जसं लिहिलं होतं तशाच.

तू मला हे विचारलंस याचं वाईट वाटलं, पण बापाचं मन मी समजू शकतो. मला पोर नाही म्हणून कळत नाही असं समजू नकोस.

ती बारा काडतुसं ठेवू नकोस. घरात ठेवण्यासारखी वस्तू नाही. गोळ्या उपटून दारू उघड्यावर जाळ आणि टोप्या तेलात बुडवून फेकून दे. मारितच्या नजरेलाही पडायला नकोत. हे लवकर कर.

इथे स्पर्धा सुरू झाली. सकाळपासून तळ्याकडून आवाज येतात. मी खिडक्या लावून घेतल्यात.

ऑरिन


सेज क्रीक
६ सप्टेंबर १९८७

ऑरिन टॅकेट यास,

पत्र मिळालं. तू म्हणतोस तसंच असेल. मी पुन्हा विचारणार नाही.

छातीत थोडं दुखतं. डॉक्टरने लाकूड फोडायला मना केलंय, म्हणून अक्रोडाचा एक ओंडका आणून तासत बसतो. रंदा चालवायला हरकत नाही असं मीच ठरवलं.

बर्फ लवकर पडेल असं दिसतंय. लिहावंसं वाटलं तर लिही.

व्हर्लिन स्टोकेलँड


पोर्ट हॅरो
११ जानेवारी १९८८

व्हर्लिन,

तुझ्या शेवटच्या पत्राला चार महिने झाले. त्यातलं शेवटचं वाक्य मी रोज वाचतो. नाताळाला तुझं कार्ड आलं नाही, तेव्हा समजलो की तू माझा नाद सोडलास. तसं असलं तरी हे लिहितो.

मी खोटं बोललो.

मेच्या शेवटी माझ्याकडे कडक टोप्या चाळीसच उरल्या होत्या. दुकानात नव्हत्या. दोन आठवड्यांनी येणार होत्या. मी तुला कळवू शकलो असतो की चाळीसच मिळतील. ते लिहायला मला लाज वाटली. मारित म्हणाली होती, काकाचीच हवीत. तुझा तो ओलाफ म्हणाला होता, काकाचं कौतुक. बाकावर माझ्या हरणाच्या बंदुकीसाठी आणलेल्या टोप्यांचं खोकं होतं, मऊ, पांढऱ्या. शेवटची वीस त्यांनी भरली. मनात म्हटलं, किती तरी लोक वापरतात, काही होत नाही. आणि माझी बोटं हल्ली पुरता दाब देत नाहीत. त्या विसांपैकी किती टोप्या वर राहिल्या होत्या ते मला माहीत नाही, कारण मी बुडावरून अंगठा फिरवलाच नाही. ते काम इंगाचं होतं. ती गेल्यापासून मी ते कधीच केलं नाही, आणि करत नाही हे स्वतःलाही कधी सांगितलं नाही. मग सगळी एका डब्यात ओतली.

तुझं इस्पितळातलं पत्र फोडलं तेव्हा तिसऱ्या ओळीलाच मला कळलं होतं. तरी मी तुला पूल आणि पिन आणि चरबी लिहीत बसलो. नाचता येईना त्याला अंगण वाकडं म्हणतात, मी तर तुझं अंगण खोदून टाकलं. तू पोरीजवळ बसून स्वतःला दोष देत होतास, पोर स्वतःला देत होती, आणि मी तुम्हा दोघांना तसं करू दिलं. बारा काडतुसं नष्ट कर म्हणालो ते माझ्यासाठी म्हणालो.

मी माफी मागत नाही. मागण्याची माझी लायकी नाही. हे पत्र क्लबात वाचून दाखव. मारितलाही दाखव. बाक विकून टाकलं.

ऑरिन


सेज क्रीक
२५ जानेवारी १९८८

ऑरिन काका,

तुमचं पत्र मी उघडलं. बाबा ३ डिसेंबरला गेले. सकाळी भट्टीत लाकूड घालायला उठले आणि खुर्चीत बसले, ते तसेच.

तुम्हाला कळवलं नाही, ते चुकून राहिलं नाही. तुमचं पत्र आलं नसतं तर कधीच कळवलं नसतं.

बाबांना सगळं माहीत होतं. मला इस्पितळात सोडून ते एक दिवस घरी आले होते, तेव्हाच त्यांनी डबा टेबलावर उपडा केला. बारा काडतुसं बुडाकडून बघितली. सातांच्या टोप्या पितळी होत्या, पाचांच्या पांढऱ्या. तुमचं फेब्रुवारीचं पत्र काढून वाचलं, मग अंगठा फिरवला. पांढऱ्यांपैकी दोन अंगठ्याला लागल्या. हेलेनाच्या कारागिराला बंदुकीत काहीच सापडलं नाही, पूल ठीक, पिन ठीक, आणि बाबांनी बोल्ट आरशासारखा पुसला होता. हे सगळं समजल्यानंतर त्यांनी तुम्हाला १९ जुलैचं पत्र लिहिलं. त्यांना उत्तर नको होतं, काका. उत्तर डब्यात होतं. त्यांना तुम्ही हवे होता.

मी तेव्हाच म्हटलं, तोंडावर लिहा त्यांना. त्या मुलखाच्या खोटारड्या माणसासाठी तुम्ही ओलाफसमोर स्वतःच्या नावाला काळं का फासता? बाबा म्हणाले, "मारित, मी लिहिलं तर तो कबूल करेल, आणि कबूल करवून घेतलेलं त्याच्या काही उपयोगाचं नाही. तो लिहील." तुमचं तेलात बुडवायचं पत्र आलं, तेव्हा मीच वाचून दाखवलं, मुद्दाम मोठ्याने. चोराच्या मनात चांदणं, म्हटलं मी. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि पुन्हा म्हणाले, तो लिहील.

आमची टपालपेटी रस्त्याला आहे, घरापासून पाव मैल. सप्टेंबरपासून रोज चालत जायचे. डॉक्टरने चढ चढायला नको म्हटलं होतं. मी शाळेतून येताना आणते म्हटलं तर नको म्हणायचे. नोव्हेंबरात बर्फ गुडघ्यापर्यंत आलं तरी जायचे. आले की बूट काढायचे आणि म्हणायचे, आज बियाण्यांचा कॅटलॉग. आज विजेचं बिल. तुमचं नाव घेत नसत. तुम्ही पाच आठवडे उशिरा लिहिलंत, एवढंच तुम्हाला सांगायचं होतं, आणि ते मी आता सांगितलं.

दफनाला इथल्या माजी सैनिकांनी सलामी दिली. सातजण, सातही गॅरँड. सलामीच्या काडतुसांत गोळी नसते, म्हणून बोल्ट आपोआप उघडत नाही, दर बाराला हाताने दांडा ओढावा लागतो. त्या खडखडाटाची मला सवय होईल असं वाटलं होतं. पहिल्या बारालाच मी खाली बसले. ओलाफने हात धरून उठवलं आणि विचारलं, ऑरिन नाही आला? मी म्हटलं, रस्ता लांबचा आहे. बाबांनी जे झाकलं होतं ते त्यांच्या खड्ड्याशी उभं राहून उघडावंसं वाटलं नाही. तुमचं पत्र मी क्लबात वाचणार नाही. वाचायचं असेल तर तुम्ही या आणि स्वतः वाचा.

आता त्या अक्रोडाच्या ओंडक्याचं. बाबा बंदुकीला नवा दस्ता करत होते. मी ओरडले होते, ती बंदूक भट्टीत घाला म्हणून. ते ऐकू न आल्यासारखं करून तासत राहिले. गेल्यावर मी तो हातात घेतला तेव्हा कळलं. गालाला टेकायची बाजू उलटी आहे. डाव्या खांद्यासाठी, डाव्या डोळ्यासाठी. शेवटचं पॉलिश राहिलं होतं, ते मी केलं.

मी झाडणार आहे की नाही, मला अजून माहीत नाही. चौथीतली एक मुलगी परवा म्हणाली, बाई, तुम्ही आता बोट दाखवता ते आमच्या पलीकडे दाखवता. पण दस्ता खांद्याला लावून बघते रोज, रिकामा. बसतो.

बाबा शेवटच्या आठवड्यात म्हणाले होते, तो लिहील, आणि लिहिलं की काडतुसं त्याच्याकडूनच भरून घे, एकदा चुकलेला माणूस पुढे प्रत्येक टोपीवर अंगठा फिरवतो. बाबा चांगले होते. मी तेवढी चांगली नाही. तुमच्या हातचं काडतूस मी घेणार नाही, आता तर मुळीच नाही, आणि बाक तुम्ही विकलंही आहे. पाच पांढरी मी तेलात बुडवली. सात पितळी ठेवलीत, का ते मला सांगता येत नाही.

एक मात्र मागते. या बंदुकीला कोणती काडतुसं घालायची ते मला लिहून पाठवा. गोळीचं वजन, दारू, टोपी, हाताने भरताना काय जपायचं, सगळं. तुमचं फेब्रुवारीचं पत्र माझ्याकडे आहे. बाबांच्या कोटाच्या खिशातच सापडलं, घड्यांवर फाटलेलं. त्यात सगळं बरोबर लिहिलंय, एक अक्षर चुकीचं नाही. म्हणूनच पुन्हा लिहा. मऊ टोपीने काय होतं ते या वेळी माझ्या डोळ्यासकट लिहा, आणि खाली पूर्ण नाव घाला.

पेटीपर्यंत मी जाईन. आता घरात दुसरं कुणी नाही.

मारित स्टोकेलँड